पास्ता, शेवया आणि बन्सी गहू

2003 साली नोकरीसाठी सिन्नर सोडून मुंबईला आलो तेव्हा डोक्यात एक खूळ शिरलं होतं. या शहरातला सगळ्यात चांगला पास्ता कुठे मिळतो ते शोधायचं! पगार झाला की रविवारी मी आणि माझा रूम पार्टनर निघायचो. चर्चगेटचं गेलॉर्ड (1956 पासूनचं), आणि एकदा छाती करून कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं ट्रॅटोरिया. ते बिल मी कितीतरी दिवस पाकिटात जपलं होतं. एका ठिकाणी (नाव नको) मैद्याचा लगदा खाऊन, वर टीप ठेवून आलो. असो.

त्याच वर्षी आजीने एसटीने शेवयांचा डबा पाठवला. हातच्या, पाटावर वळलेल्या. पार्टनर हसेल म्हणून मी तो वॉचमनला देऊन टाकला. घरी कधी सांगितलं नाही, आज सांगतोय.

पुढे इतिहास वाचायची सवय लागली. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. पण तो परतला 1295 मध्ये, आणि जिनोआतल्या एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत टोपलीभर मॅकरोनीची नोंद आहे 1279 ची! त्याही आधी, 1154 च्या सुमारास, अल् इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिलीतल्या त्राबिया गावात 'इत्रिया' बनते आणि जहाजं भरभरून बाहेर जाते. इत्रिया म्हणजे काय, तर कणकेच्या वाळवलेल्या शेवया. आमच्याकडे उन्हाळ्यात खाटेवर वाळायच्या तशाच की!

हिंदुस्थानात इटालियन आले ते मात्र गोड घेऊन. फेदेरिको पेलिती 1869 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा मिठाईवाला म्हणून आला आणि त्याने कलकत्ता-सिमल्यात नाव काढलं. आपल्या मुंबईचं मोंजिनीज हेही मूळ इटालियन भावांचं.

2006 मध्ये आजी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली. तिला मी हौसेने पास्ता खायला नेलं. एक घास चावून म्हणाली, "मैद्याच्या नाहीत रे ह्या. बन्सीच्या आहेत."

मला वाटलं, काहीतरीच. पण ती बरोबर होती. पास्त्याला लागतो ड्युरम गहू आणि आपल्याकडचा जुना जिरायती बन्सी हा ड्युरमच. दाणा टणक, पिवळसर. दळला की पीठ होण्याऐवजी रवाच पडतो, म्हणून शिजल्यावर लगदा होत नाही. आणि गंमत म्हणजे, सिन्नरच्या शेजारच्याच तालुक्यात, निफाडच्या गहू संशोधन केंद्रात, 'पंचवटी' नावाचा ड्युरम वाण निघालाय, रवा-शेवया-कुरडयांसाठी नावाजलेला. मी चर्चगेटला शोधत होतो!

डब्याचं तिने त्याही वेळी विचारलं. "संपल्या का?" मी हो म्हणालो.

आजी 2009 मध्ये गेली. पाट माझ्याकडे आहे. बन्सी गहूही मिळवला, दोनदा बसलो, पण शेवई हातभर होण्याआधीच तुटते. डुबेऱ्याच्या आत्या, हे वाचलंस तर फोन कर. कणिक तिंबून किती वेळ झाकून ठेवायची, तेवढंच सांग.