टीलप्लाट्सला उतरा

डब्याचं दार उघडतं आणि थंडी थेट नाकात घुसते. फेब्रुवारी १९२९. यंदाचा हिवाळा युरोपातल्या जुन्याजाणत्या माणसांनाही भारी पडतो आहे. बर्लिनच्या या भुयारी गाडीचा मार्ग दालेम भागात उघड्या खंदकातून जातो, त्यामुळे फलाटावर पाऊल ठेवताच डोक्यावर आभाळ दिसतं. पाटी वाचा : टीलप्लाट्स. इथेच उतरायचं. कोटाच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर, काखेत वही. तुम्ही मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्राचे एम.ए. आहात आणि पीएच.डी.साठी इथवर आला आहात.

जिने चढून वर या, ईनेश्ट्रासे रस्त्याला वळा. २२ क्रमांकाची इमारत अजून नवी दिसते, कारण ती नवीच आहे. १९२७ साली इथे कैसर विल्हेल्म संस्था उघडली : मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन या तीन विषयांसाठी. संचालक प्राध्यापक ऑयगन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांवर त्यांनी १९१३ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून या विषयात त्यांचा शब्द वजनदार मानला जातो.

आत एका लांब टेबलाशी एक मराठी बाई उभी आहे. वय तेवीस. ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या नदीचं नाव लाभलेली, हुजूरपागेत शिकलेली, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली आणि मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून एम.ए. झालेली. इरावती कर्वे. तिच्यापुढे कवट्या आहेत. एकूण १४९ मोजायच्या आहेत.

तुम्हीही एक उचला. अपेक्षेपेक्षा हलकी लागेल. दोन्ही हातांनी धरा, डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालू नका, तिथलं हाड पातळ असतं. भुवयांच्या मधला पुढे आलेला बिंदू शोधा, तिथे कॅलिपरचं एक टोक ठेवा. दुसरं टोक मागे सरकवत न्या. जिथे अंतर सर्वांत जास्त भरेल तिथे थांबा. ही लांबी. आता कानांच्या वरच्या बाजूला, जिथे डोकं सर्वांत रुंद आहे तिथे. ही रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की पंचाहत्तरच्या खाली लांब डोक्याचा, ऐंशीच्या वर रुंद डोक्याचा. मिलिमीटरचाही फरक चालत नाही, म्हणून प्रत्येक माप पुन्हा घ्यायचं. इरावतीबाईंचं काम याहून किचकट आहे. मध्यरेषेपासून डावी बाजू किती आणि उजवी किती, हे त्यांना पाहायचं आहे. फिशरसाहेबांचं गृहीतक असं, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी असमान, आणि त्यातच त्याच्या वरचढ बुद्धीची खूण. इतर वंशांत ही असमानता कमी आढळेल, असा त्यांचा अंदाज. शिष्येने ते फक्त आकड्यांनी सिद्ध करून द्यायचं आहे.

हातातली कवटी जरा उलटी करा. कोणाची आहे ही? तुमच्या रकान्यांत वंश आहे, प्रदेश आहे, मापं आहेत. माणसाचं नाव कुठेच नाही. यातल्या काही कवट्या जर्मन पूर्व आफ्रिकेतून आल्या आहेत, म्हणजे आजच्या टांझानिया, रुआंडा, बुरुंडीच्या मुलखातून. वसाहतींच्या काळात असे अवशेष थडगी उकरून, कोणाला न विचारता पेट्यांत भरून आणले जात. ज्याच्या डोक्याचं माप तुम्ही घेता आहात त्याला पोरंबाळं होती का, तो कोणत्या गोतातला, त्याला पुरताना कोण रडलं, हे या टेबलावर कोणी विचारत नाही. विचारायचं कोणाला, हाही प्रश्नच आहे.

निकाल काय लागला हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. असमानता सगळ्यांत सापडली. वंशाशी तिचा काही संबंध लागला नाही. इरावतीबाईंनी तसंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच गुरूच्या गृहीतकाविरुद्ध. पदवी मिळाली, पण गुण उत्तीर्ण होण्यापुरतेच. मला तो प्रबंध आपल्याकडच्या विद्येच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते आणि तो अलीकडेपर्यंत आपल्या बोलण्यात नव्हता, याची खंत वाटते.

तुम्हाला ठाऊक असलेलं आणखी काही या खोलीतल्या कोणाला ठाऊक नाही. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू होतील. पुढे याच पत्त्यावर आउशवित्झच्या छावणीतून माणसांचे अवयव येतील, पाठवणारा तिथला डॉक्टर योसेफ मेंगेले. आणि २०१४पासून इथेच जवळ खोदकाम करताना मातीतून हाडांचे हजारो तुकडे निघतील. ती कोणाची, हे ठरवता येणार नाही. २०२३ साली दालेमच्याच दफनभूमीत त्यांना पुरलं जाईल. सांस्कृतिक मानवशास्त्राच्या पहिल्या तासाला हा पत्ता सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे. या शास्त्राने काय शोधलं, याच्या आधी या शास्त्राच्या हातून काय घडलं.

कवटी जागेवर ठेवा. चला.

१९५०. येरवडा. डेक्कन कॉलेजची दगडी, टोकदार कमानींची इमारत. इथलं जुनं महाविद्यालय १९३४ला बंद पडलं आणि १९३९ला पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून समाजशास्त्राचा विभाग इरावतीबाई सांभाळतात. पलीकडे पुरातत्त्वाचे डॉ. सांकळिया. या दोघांनी १९४४ साली गुजरातेत लांघणज इथे मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधून काढले. कॅलिपर अजून आहेत. बाईंनी मोजणं सोडलेलं नाही, मराठ्यांच्या शरीरमापांवरचं त्यांचं पुस्तक १९४८ला निघालं. पण आज तुमच्या पिशवीत कॅलिपर नाही. पेन्सिल, खोडरबर आणि मोठे कोरे कागद आहेत.

कागद कशासाठी, हे समजायला या शास्त्राच्या घराण्याची परंपरा पाहा. १८९८ साली केंब्रिजच्या एका मोहिमेबरोबर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेले. तिथे त्यांनी वंशावळी लिहून घेण्याची रीत बसवली : बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे आणि त्यांच्या आधारे सगळी नाती उलगडायची. रिव्हर्सकडे मालवणचे घुर्ये शिकले. १९२२ला रिव्हर्स अचानक वारले, तेव्हा घुर्यांनी त्याच मोहिमेचे प्रमुख हॅडन यांच्याकडे काम पुरं केलं आणि मुंबईला येऊन ते शिकवू लागले. घुर्यांकडून इरावतीबाई, आणि आता तुम्ही.

पुण्याहून नगरच्या वाटेने एस.टी. पकडा. गाडी सुरू होऊन दोनच वर्षं झाली आहेत, खेड्यातली माणसं अजून तिच्याकडे वळून बघतात. फाट्यावर उतरून चालत गावात या. ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली आहे. लगेच वही काढू नका. पाणी मागा. शेंगा फोडू लागा.

"कुठलं लेकरा तू? कुणाचं?"

पाहिलंत? पहिला प्रश्न तिनेच विचारला, आणि तो नात्यागोत्याचाच आहे. तुम्ही आधी आपली सगळी कहाणी सांगायची, मग तिची मागायची. तिच्या आईबापापासून सुरुवात करा. बाईसाठी गोल, पुरुषासाठी त्रिकोण. लग्नाला आडवी रेघ, लेकराला उभी. मेलेल्यांवर तिरकी रेघ ओढताना तिच्या तोंडाकडे पाहा. पाच लेकरं झाली म्हणाली आणि तुमच्या कागदावर तीनच उभी राहिली, की थांबा. घाई करू नका.

तासाभराने विचारा, "आजी, सून नात्यातली का?"

"तर! माझ्या भावाची लेक. भाचीच सून करून आणली."

"आणि तुमच्या लेकीची लेक धाकट्या मुलाच्या मुलाला केली असती तर?"

शेंग फोडता फोडता हात थांबतो. "छे, छे! आपली लेक दिली तिकडं. तिकडची पोर परत हिकडं? वेल माघारी फिरवू नाही."

आता कागद बघा. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. दोन्ही रक्ताने सारख्याच जवळच्या, पण एकीला होकार आणि एकीला शहारा. इथून दक्षिणेला कर्नाटक-आंध्रात गेलात तर मोठ्या बहिणीची लेकसुद्धा सून नव्हे, थेट बायको होऊ शकते. उत्तरेला गंगेच्या काठी मामेबहिणीशी लग्न हा शब्दच कानांवर हात ठेवायला लावतो, आणि स्वतःच्या गावातली मुलगीसुद्धा करत नाहीत. महाराष्ट्र मधोमध. दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेला. अशा असंख्य ओसऱ्यांवरून बाईंनी भारताचे नात्यांचे चार पट्टे आखले, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व, आणि १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला. शरीरमापांचे त्यांचे रकाने आज जुने झाले. हा ग्रंथ झालेला नाही. त्यातल्या एखाद्या पट्ट्याची सीमा चुकीची आहे असं दाखवणारेसुद्धा आधी तोच वाचतात.

मुक्कामी परत येताना बाईंचा ‘वाटचाल’ हा लेख वाचायला घ्या. पंढरीच्या वाटेवर त्या वारकऱ्यांबरोबर पायी चालल्या, आणि एकत्र भजन करणारी माणसं जेवायला जातवार वेगळी बसतात, हे त्यांना टोचत राहिलं. तिथे संशोधक बाजूला उभी नाही. तिला त्रास होतो आहे आणि ती तो लिहिते आहे. बर्लिनमध्ये हे चाललं नसतं. शेवटच्या वर्षांत तर त्यांनी कोयनेच्या धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ला प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्टला, त्या गेल्या.

तुम्हाला आता परतायचं आहे. आजच्या विद्यापीठात सांस्कृतिक मानवशास्त्र हा विषय घ्यायचा मनात असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी एक काम करा. घरात ऐंशीच्या पुढचं जे कोणी असेल त्याच्यापाशी कोरा कागद घेऊन बसा. छापील कुलवृत्तांत हाताशी असेल तर तोही घ्या. त्यातल्या अनेकांत पिढ्यान् पिढ्या पुरुषांचीच नावं आहेत आणि बाया ‘पत्नी’ म्हणून सरून गेल्या आहेत. तुमच्या कागदावर प्रत्येक गोलापुढे तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं नाव लिहा. लहानपणी गेलेली मुलंही नावानिशी लिहा. सांगणाऱ्याचं म्हणणं तुमच्या समजुतीच्या उलट निघालं, तर ते खोडू नका. उद्यावर ढकलू नका, कारण ही नावं ज्यांना पाठ आहेत ती माणसं फार काळ थांबणारी नाहीत.