‘वऱ्हाड’ शब्दाची दुरुस्ती

पोथीत चूक सापडली तर ती कशी सुधारायची, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुराशी नाते असलेले ‘लीळाचरित्र’ घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ते सिद्ध केले. पुढे मूळ प्रत हरवली आणि आठवणींतून, नकलांतून त्याचे निरनिराळे पाठ तयार झाले. पैठणला एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तीही प्रती एकमेकींशी ताडून. ओवी न् ओवी डोळ्यांखालून गेली, हे ध्यानात ठेवावे.

आता ते काम यंत्र करते. अमेरिकेत केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली ‘एड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा घालण्याची आज्ञा त्यात होती. आज अकोल्यातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडे जा. एक कळ दाबली की दोनशे पानांतला शब्द बदलतो. सोय मोठीच आहे, यात वाद नाही.

पण मराठीची गंमत निराळी. ‘अकोला’ शोधायला सांगितले, तर यंत्र ‘अकोल्याला’ आणि ‘अकोल्यातून’ दोन्ही सोडून देते, कारण त्याला सामान्यरूप ठाऊक नाही. मग ‘अकोल’ एवढेच शोधावे लागते, आणि तेव्हा नगरकडचे ‘अकोले’ही हाती लागते!

‘वऱ्हाड’ या शब्दाची कथा तर याहून अवघड. त्यातला आडवा रफार संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे न दिसणारी जोडखूण. कागदावर दोन्ही एकसारखे. यंत्राच्या लेखी मात्र बहुधा दोन वेगळे शब्द. ज्याला यातले काहीच जमत नाही तो ‘वर्हाड’ टंकतो, तो तिसरा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, त्या काळावरचे लेख कोणी शोधू लागला, तर निम्मे त्याला दिसायचेच नाहीत. म्हणून हे तिन्ही प्रकार आधी पाळीपाळीने शोधावेत, मग एकच रूप ठरवावे.

जुन्या पत्रांच्या बाबतीत मी जरा हट्टीच आहे. १९६२ च्या लेखननियमांनी ‘कांही’, ‘पांच’ यांवरचे अनुस्वार गेले. आपल्या लेखात ते खुशाल काढा. परंतु उद्धृत केलेल्या पत्रातले काढले, की त्या कागदाच्या वयाची एक खूण पुसली जाते. यंत्राला अवतरणचिन्हाच्या आतले आणि बाहेरचे सारखेच. तेव्हा सरसकट बदल करण्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवावी, आणि ‘सर्व बदला’ न दाबता एकेक जागा बघत जावे. वेळ लागतो, लागू द्या.

आमच्या बोलीचेही तेच. वऱ्हाडी माणूस ‘पानी’ म्हणतो. ‘पानी’चे ‘पाणी’ करा असे फर्मान सोडले, की महायुद्धावरच्या लेखातले जपानी सैन्य क्षणात ‘जपाणी’ होते. ‘कोन’चे ‘कोण’ केले, तर काटकोनाचा ‘काटकोण’! पूर्ण शब्दच शोधावा अशी खूण केली, तर जपानी वाचतात, पण मग ‘पान्यात’ तसाच राहतो. आणि वऱ्हाडी कथेत पात्राच्या तोंडी ‘पानी’ असेल, तर तिथे दुरुस्त करण्याजोगे काही नसतेच.