सातबारा, संगणक आणि चावडी

गोदावरीच्या खोऱ्यांतील गंगापूर तालुक्यांत, महाराष्ट्रांतील इतर तालुक्यांप्रमाणेंच, शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क एका कागदाच्या आधारें चालतो. त्यास सातबारा म्हणतात. गांव नमुना सात ह्यांत जमीन कोणाची व किती हें असतें. नमुना बारा ह्यांत तींत पीक कोणतें हें असतें. ह्यांतील एक आंकडा चुकला किंवा एक वारस गळला कीं कर्ज अडतें, खरेदीखत अडतें आणि सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागतात. असा कागद वहींतून संगणकांत नेणें हें मोठ्या जोखमीचें काम होय.

ही जोखीम गंगापुरास अगदींच नवी नाहीं. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सरकारी दप्तर उर्दूंत चाले, आणि मोडी लिपीचाही वापर असे. पुढें 1954-55 सालीं खासरा पाहणी पत्रकें तयार झालीं. तीं आजही मराठवाड्यांतील जमिनीच्या वादांत पुराव्यादाखल पुढें येतात. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें. दप्तर एका भाषेंतून दुसरींत, एका नमुन्यांतून दुसऱ्यांत उतरत गेलें. आणि जेथें जेथें नक्कल झाली, तेथें तेथें चूक शिरण्यास वाट मिळाली.

जुन्या व्यवस्थेनें हा धोका ओळखला होता. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें फेरफाराची रीत घालून दिली, ती अशी : तलाठ्यानें नोंद लिहावी, तिची प्रत चावडींत लावावी, संबंधितांस नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती टिपून घ्यावी, आणि मग मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावी. लिहिणारा हात निराळा, तपासणारा निराळा, आणि दोहोंच्या मध्यें साऱ्या गांवाचे डोळे.

संगणकाचा उद्योग सुरू झाला, तेव्हां राज्यांतील सुमारे अडीच कोटी सातबारे यंत्रांत भरावयाचे होते. नांवें, गट क्रमांक, हेक्टर व आर हे सर्व माणसानेंच बोटांनीं टंकावयाचें. शिवाय कांहीं काळ हातची वही व यंत्रांतील वही अशा दोन वह्या एकाच वेळीं चालत राहिल्या. एकींत झालेला फेरफार दुसरींत राहून गेला, कीं दोन सातबारे दोन गोष्टी सांगूं लागत. त्यांतील खरा कोणता, हें यंत्र कसें सांगणार ?

कांहीं चुका यंत्रानेंच पकडल्या. गटाचें एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल, तर तें यंत्र चटकन दाखवितें. परंतु बेरीज जुळूनही बहिणीचें नांव गळलेलें असूं शकतें. तें कळतें फक्त तिच्या घरच्यांस व शेजाऱ्यांस. म्हणूनच 2017 सालीं सरकारनें गांवोगांव चावडीवाचनाची मोहीम काढली. संगणकांतील सातबारे लोकांपुढें वाचावे, हरकती घ्याव्या आणि हस्तलिखिताशीं ताडून दुरुस्त्या कराव्या, असा क्रम ठरला. नव्या यंत्राच्या रक्षणास अखेर जुनी चावडीच धांवून आली. त्यानंतर 1 मे 2018 रोजीं तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळूं लागला.

तरीही जोखीम संपली असें नव्हे. कारण यंत्रांत राहिलेली चूक खऱ्या नोंदीइतक्याच सुबक अक्षरांत छापून येते, आणि वाचणारास तिचा संशयही येत नाहीं. अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठीं संहितेचें कलम 155 आहे. पण दुरुस्ती करावयाची तर ताडून पाहण्यास मूळ कागद हवा. 2023 सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. नक्कल कितीही चांगली झाली, तरी दप्तरखान्यांतील जुना रुमाल वाळवीपासून जपला पाहिजे, आणि नवा सातबारा हातीं पडतांच घरच्या जुन्या उताऱ्याशीं ताडून पाहिला पाहिजे.