मंडईची रात्र आणि गर्दीचे भय

दिवाळी सरली, हलक्या धानाची कापणी झाली, की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानशेतीचा पट्टा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण मंडईला जिल्ह्याची शीव कधी ठाऊकच नव्हती. दिवसा दुकाने, पाळणे, गोवारी बांधवांचे ढालीपुढचे नाच आणि माहेरी आलेल्या लेकीबाळींच्या भेटी. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. नाटक म्हणजे दोन-अडीच तासांचा शहरी प्रयोग नव्हे. रात्री दहाच्या पुढे नांदी व्हायची आणि पडदा पडायचा तेव्हा पूर्वेला फटफटलेले असायचे.

या रात्रींविषयी प्रेमाने पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य वेचणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या सगळ्या मुलखाची मान उंच झाली. आज मात्र मला या रात्रींची दुसरी बाजू सांगायची आहे. ती आहे गोंधळाची, फसगतीची आणि भीतीची. जिथे माणसे मोठ्या संख्येने रात्री एकत्र येतात, तिथे ही बाजू असतेच. तिचाही इतिहास असतो, पण तो सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या लहानपणी गावातलेच तरुण नाटक बसवत. पुढे ठरावीक रकमेवर कंपनी आणण्याची पद्धत रुळली. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचे माहेरघर. गोंदियाहून अर्जुनी मोरगाव, वडसा, नागभीड असा रेल्वेमार्ग असल्यामुळे आमच्या भागातल्या मंडळांना तिथे जाऊन नाटक ‘पक्के’ करणे सोपे होते. गावाबाहेरच्या बांधीत मंच उभा राही. प्रेक्षकांसाठी जमीन थोडी खोल खणत, वरून पाल ताणत, चारी बाजूंनी कनात लावत. पुढे जमिनीवर बसणारे, मागे खुर्चीवाले. थंडी मरणाची, म्हणून खाली तणस पसरलेली.

आता या मांडणीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. वर कापड, बाजूला कापड, खाली वाळलेली तणस, आत शेकडो माणसे, आणि हा मुलूख बिडीचा! गॅसबत्तीच्या काळात तर उघडी ज्योतही जवळच असे. तिकिटाशिवाय कोणी शिरू नये म्हणून कनातीला येण्याजाण्याची वाट एकच. आम्हा पोरांना यात भिण्यासारखे काही वाटत नसे. आजीला वाटे. ती निघतानाच बजावायची, “कनातीच्या काठानं बसजा रे पोट्टेहो, मधात नोका जाऊ.” तिचे ते बोलणे आम्ही म्हातारपणाच्या खाती टाकत असू. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य लहान मुले, दगावली. तिथेही वर कापडच होते आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. ती बातमी वाचली त्या दिवशी आजीचा ‘काठ’ मला कळला.

मला आठवणारी सगळ्यात भयाची रात्र आगीची नव्हती, अंधाराची होती. दुसरा अंक रंगात आला होता. खलनायक नायिकेच्या अंगावर धावून जात होता आणि जनरेटर बंद पडला. दोन क्षण शांतता. मग मागून शिट्ट्या, मग कोणीतरी फेकलेले ढेकूळ, मग बायकांच्या बाजूने एक किंकाळी. त्यासरशी सगळी गर्दी उठली. का उठली, कोणाकडे पळायचे, हे कोणालाच माहीत नव्हते. माझे पाय जमिनीवरून सुटले होते आणि तरी मी पुढे चाललो होतो. तेवढ्यात ऑर्गनवाल्याने अंधारातच एक ओळखीची भजनाची चाल धरली. तबलजीने ठेका दिला. मंचावरून एका नटाने, ध्वनिक्षेपक नसताना, खड्या आवाजात सांगितले, “बसून घ्या मायबाप, बत्ती येऊन रायली.” माणसे जागच्या जागी बसली. दहा मिनिटांनी दिवे आले तेव्हा चपलांचा ढीग, फाटलेली कनात आणि रडणारी दोन पोरे एवढाच हिशेब निघाला. त्या ऑर्गनवाल्याने काय केले होते, ते समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

गर्दीत माणसे तुडवली जाऊन मरतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनेकदा ती उभ्या-उभ्या, श्वास कोंडून मरतात. एका चौरस मीटरच्या जागेत पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की माणसाचे स्वतःच्या शरीरावर नियंत्रण राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावते. मागचा ढकलतो तेव्हा पुढे काय चालले आहे हे त्याला दिसत नसते. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या रॉक वाद्यवृंदाच्या कार्यक्रमापूर्वी नेमके हेच घडले. जागा राखीव नव्हत्या, जो आधी शिरेल तो पुढे. दारे मोजकीच उघडली होती. ११ जण गेले. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’चे गाणे चालू असताना मंचापुढच्या रेट्यात ९ तरुण दगावले. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशासाठी एकदम आत घुसले आणि उतरत्या पायऱ्यांवर ४ जणांचा जीव गेला.

रॉक जलशांच्या इतिहासात सर्वांत बदनाम नाव आहे अल्टामाँटचे. ६ डिसेंबर १९६९. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला चार लाखांवर तरुण पावसाचिखलात तीन दिवस बऱ्यापैकी शांततेत राहिले होते. त्याच उत्साहात कॅलिफोर्नियात ‘रोलिंग स्टोन्स’चा मोफत कार्यक्रम ठरला. जागा अगदी शेवटच्या घटकेला बदलली. मंच जेमतेम मीटरभर उंचीचा. सुमारे तीन लाख लोक. मंचाभोवती बसवले होते ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीला, आणि मोबदला होता बिअरचा. गाणे चालू असतानाच मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा त्यांच्यापैकी एकाच्या सुऱ्याने बळी गेला. वुडस्टॉकची आणि अल्टामाँटची पिढी एकच, संगीत त्याच जातकुळीचे. फरक पडला तो जागेने, मंचाने आणि राखणीला कोणाला बसवले याने.

राखणीला कोण, हा प्रश्न आमच्या मंडईतही होताच. जुन्या काळी आमच्या गावात त्याचे उत्तर सोपे होते. पोलीसपाटील आणि गावातली चार वडीलधारी माणसे पुढे बसत. बायकांची बाजू दोरीने वेगळी असे. त्या दोरीवर उभे राहणारे तरुण गावातल्याच कोणाचे तरी भाऊ किंवा भाचे असत. शिट्टी वाजली तर ती कोणाच्या घरची, हे तिसऱ्या रांगेत कळे. पुढे मोटारसायकली आल्या, वीस-पंचवीस किलोमीटरवरून अनोळखी टोळकी येऊ लागली. दोन अंकांच्या मध्ये चित्रपटातल्या गाण्यांवर नाच ठेवण्याची चाल पडली. गर्दी वाढली आणि ओळख पुसली. मंचावर चढणे, नाचणाऱ्या मुलींवर पैसे किंवा वस्तू फेकणे हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. याची किंमत कोणी मोजली? आधी त्या कलावंत बाईने, जी हसऱ्या चेहऱ्याने नाचत राहिली आणि पडद्याआड येऊन थरथरत बसली. मग गावच्या बायकांनी. माझ्या बहिणींनी ज्या वर्षी मंडईच्या नाटकाला येणे सोडले, त्या वर्षी आमच्या घरी कोणी त्याचे कारण विचारले नाही. सगळ्यांना ठाऊक होते.

फसगतीचा प्रकार निराळा. ऐंशीच्या दशकात शहरात आणि तालुक्याच्या गावी ऑर्केस्ट्राचे पेव फुटले होते. जाहिरातीत चित्रपटातल्या गायकाचे नाव ठळक, त्यामागे ‘यांची गाणी’ हे शब्द मुंगीएवढे. एकदा मात्र खरोखरच एक नामवंत पार्श्वगायक येणार असे आयोजकांनी शपथेवर सांगितले होते. बारापर्यंत लोक ‘गाडी देवरीच्या पुढे निघाली’ हे ऐकत बसले. एकच्या सुमारास गायक येणार नाही हे आपसूक कळले, कारण आयोजक दिसेनासे झाले. मग खुर्च्यांचे काय झाले ते सांगायला नको. मार खाल्ला तो बिचाऱ्या ढोलकीवाल्याने. पुढे वाचले की २८ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ गुडगावमध्ये ‘मेटालिका’चा कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकलला गेला, तेव्हा हजारो रुपये मोजून आलेल्या सुशिक्षित तरुणांनीही मंचाची आणि सामानाची मोडतोड केली आणि आयोजकांना अटक झाली. दोन दिवसांनी बंगळुरूत तोच वाद्यवृंद वाजला आणि कार्यक्रम पार पडला. म्हणजे खेड्यातला अडाणी आणि शहरातला शहाणा हा भेद इथे कामाचा नाही. गर्दीला खरे वेळेवर सांगितले नाही की ती बिथरते.

गर्दीच्या या इतिहासातले आमच्यासाठी सर्वांत दुखरे पान करमणुकीचे नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बायका आणि मुले फार होती. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, म्हणजे ऐन मंडईचे दिवस. ज्यांच्या नाचाने आमची मंडई सुरू होते, ती ही माणसे. त्यानंतर मंडईत ढालीपुढचा नाच पाहताना मला तो आकडा आठवल्याशिवाय राहत नाही.

मग या रात्री बंद कराव्यात का? सरकारी उत्तर बहुधा तिकडेच झुकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम कडकपणे पाळायला सांगितले. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ गाजले. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमाने ते मैदान मुके झाले. आजाऱ्याला आणि परीक्षा देणाऱ्याला झोप मिळाली पाहिजे, याबद्दल वाद नाही.

पण झाडीपट्टीतली रात्र समजून घेतली पाहिजे. नाटक पहाटेपर्यंत का चालते, असे मी एका जुन्या नटाला विचारले होते. तो म्हणाला, “आधी सोडलं तं लोक जातीन कुठं?” आजूबाजूला जंगल, अस्वल-बिबट्याची भीती, पायवाट, बैलगाडी. सालेकसा-देवरीकडे पुढे नक्षलवादाच्या काळात रात्रीच्या रस्त्याचे आणखी एक भय आले. माणसे उजेडात घरी जावीत म्हणून नाटक लांबवायचे, ही जुन्या लोकांची व्यवस्था होती. मध्यरात्री सगळ्यांना एकदम अंधारात बाहेर काढण्यापेक्षा ती कितीतरी शहाणी होती.

हे शहाणपण आजच्या भाषेत पुन्हा मांडता येईल आणि त्याला फार पैसाही लागत नाही. कनातीला चारी बाजूंनी रुंद वाटा ठेवाव्यात आणि तिकीट तपासायचे म्हणून त्या बंद करू नयेत. तणशीऐवजी सतरंजी घालावी आणि पालाखाली बिडी पेटवू देऊ नये. जनरेटरशिवाय चालणारे चार दिवे वाटांवर असावेत. जेवढी जागा तेवढीच तिकिटे विकावीत. राखणीला ओळखीची माणसे उभी करावीत आणि त्यांत बायकाही असाव्यात. काही बिघडले तर मंचावरून खरे सांगणारा एक आवाज आधीच नेमून ठेवावा. त्या रात्री ऑर्गनवाल्याने आणि त्या नटाने कोणी न सांगता हे केले होते. दरवेळी असे सुदैव लाभेलच असे नाही.

नाटक किती रंगले, किती तिकिटे खपली, वन्समोर किती आले, याचा हिशेब प्रत्येक मंडळ सकाळी करते. त्या हिशेबात आणखी एक ओळ घालावी, एवढेच माझे म्हणणे आहे: काल रात्री गावच्या बायका आणि पोरे शेवटच्या अंकापर्यंत बसली होती का? ती बसलेली असतील, तर नाटक चांगले झाले असे समजावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)