शीग आणि फेंस

वाशीम जिल्ह्यांतील मेडशी हें वऱ्हाडांतील गांव. आणि वऱ्हाडांत धान्य पायलीनें मोजण्याची रीत जुनी. चार शेरांची पायली, हें कोष्टक पाठ असून भागत नसे. तीच पायली उसनें देतांना सपाट व फेडून घेतांना शीग लावून भरली, तर कुणब्याचें नुकसान कांठाच्या वर होई.

बीअरच्या पेल्यांत तें कांठाखालीं होतें. वर चढलेला फेंस शिगेसारखा दिसतो. तो बसला म्हणजे पेय उणें ठरतें. इंग्लंडांत १२१५ च्या मॅग्ना कार्टानें धान्य व बीअर या दोहोंसाठीं राज्यभर एकेकच माप सांगितलें. १८२४ च्या कायद्यानें पाइंट ठरला. तो आजच्या मापानें सुमारें ५६८ मिलिलिटर. परंतु कांठोकांठ पाइंटभर पेल्यांत फेंसाला जागा कोठून उरणार? जर्मनींतील पेल्यांवर कांठाखालीं रेघ असते: पेय रेघेपर्यंत, फेंस तिच्यावर.

भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं व शेर-पायलीचा कायदेशीर अंमल संपला. कांठावरचा प्रश्न मात्र मापाचें नांव बदलल्यानें सुटत नाहीं. पायली असो वा पेला, कोठवर भरावयाचें ती खूण घेणाऱ्याच्या दृष्टीस पडली, तरच सौदा चोख होतो.