गाठ येण्याआधी

प्लेग म्हटले की मराठी माणसाला आठवते १८९७ चे पुणे. रँडची घरझडती, २२ जूनला चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या आणि त्याआधी १० मार्चला रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई. आमच्या लिंबागणेशातही हीच आठवण सांगतात. वास्तविक बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. पण प्लेग माणसाला मारायचा कसा, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी डॉक्टरांवर सोडून दिला. मला तो इतिहासाचाच वाटतो.

त्याचा धागा मुंबईत सापडतो. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाच्या इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी. मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या पाहिल्या. जंतू गिळणाऱ्या या पेशींचे त्यांनी पुढे लहान आणि मोठे असे दोन प्रकार केले. लहानांत मुख्य म्हणजे आजचे न्यूट्रोफिल. मोठ्यांचे मॅक्रोफेज हे नाव अजून टिकून आहे.

हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात लस न घेतलेले १२ कैदी आजारी पडले, त्यातले ६ दगावले. घेतलेल्यांत आजारी २, मृत्यू एकही नाही. हिशेब माणसांचा झाला. गुरूच्या त्या दोन पेशींचे प्लेगमध्ये काय होते, हे कळायला १९५० चे दशक संपत आले.

पिसवेच्या थंड शरीरातून आलेला जंतू उघडा असतो. न्यूट्रोफिलने गिळला तर बहुधा मरतो. मॅक्रोफेजने गिळला तर मात्र आतच तगतो, माणसाच्या अंगच्या उबेत कवच धारण करतो आणि बाहेर पडल्यावर सहजी कोणाच्या तोंडी लागत नाही. पहारेकऱ्याच्याच घरी चोर पोसला जातो! सुरुवातीला दाहही दबलेला असतो. मग जंतू रक्तात उतरला की तोच दाह अनावर होतो: रक्तवाहिन्या पाझरतात, आत बारीक गुठळ्या होतात, रक्तदाब कोसळतो, बोटे काळी पडतात. आजचे डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात.

रँडचे सोल्जर बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासत ते गाठीसाठी. गाठ म्हणजे जंतू लसिकाग्रंथीत पोचून माजल्याची खूण. ज्या खुणेसाठी माणसांची अब्रू रस्त्यावर आली, ती दिसेपर्यंत पेशींमधली पहिली लढाई केव्हाच हरलेली असे.