लेखी बोलणे : वर्गातील चर्चाफलकाचा पूर्वेतिहास

वर्गातील चर्चेचा इतिहास लिहिणे अवघड, कारण चर्चा बोलता बोलता विरून जाते. उत्तरपत्रिका काही काळ तरी जपल्या जातात, टिपणवह्या घरोघरी पिवळ्या पडत राहतात; पण एखाद्या कवितेवरून कोणी प्राध्यापकांना काय विचारले आणि त्यावर मागच्या बाकावरून कोण काय पुटपुटले, याची नोंद कोण ठेवणार? संगणकावरील चर्चाफलकाने ही नोंद ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे बहुधा हा विषय तंत्रज्ञांचा मानून सोडून दिला जातो. आमच्या मते तो लेखनाच्या इतिहासातलाही आहे.

आरंभ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये तेथे 'प्लेटो' ही संगणकाद्वारे शिकवण्याची यंत्रणा उभारायला घेतली. नाव संवादकार तत्त्वज्ञाचे. पण मूळ योजनेत संवाद असा नव्हताच. यंत्राने पाठ दाखवावा, प्रश्न घालावा, विद्यार्थ्याने उत्तर द्यावे आणि यंत्राने ते तपासावे. या दोघांत तिसऱ्याला जागा नव्हती. पुढे १९७० च्या दशकात नारिंगी प्रकाशाचे शेकडो पडदे एकाच यंत्रणेला जोडले गेले आणि तिसरा, चौथा, शंभरावा माणूस आपसूकच हजर झाला. यंत्रणेतील अडचणी कळवण्यासाठी एक सामाईक धारिका होती. तीत कोणीही लिहावे आणि दुसऱ्याने ते खुशाल पुसून टाकावे, असा कारभार. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यावर उपाय म्हणून 'नोट्स' ही आज्ञावली लिहिली. टिपणाला शीर्षक, लिहिणाऱ्याची ओळख, वेळेची नोंद. खाली क्रमाने प्रतिसाद, फार तर ६३. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावता येणार नाही, हा त्यातील खरा बदल. ग्रंथालयाच्या पुस्तकात समासात शेरे मारणारे अनामिक वाचक आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे शेरे खोडणारेही ठाऊक आहेत. येथे प्रत्येक शेऱ्याला धनी मिळाला. १९७६ पासून कोणत्याही विषयासाठी स्वतंत्र टिपणवही उघडण्याची सोय झाली.

हा सारा खटाटोप तंत्रज्ञांच्या गरजेतून झाला. भाषेच्या वर्गाला अशा लेखनाची गरज का भासली, याचे उत्तर मात्र वॉशिंग्टनमध्ये, गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणाच्या संस्थेत सापडते. तेथे इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले होते, की अमेरिकन सांकेतिक भाषा म्हणजे इंग्रजीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःची रचना आहे. याचा एक परिणाम अध्यापकांना रोज भोगावा लागे. विद्यार्थी आपसांत बोलत ते सांकेतिक भाषेत. इंग्रजी त्यांच्या वाट्याला येई ती निबंधाच्या कागदावर, लाल शाईच्या खुणांसह. ज्या भाषेत कोणाशी भांडलो नाही, थट्टा केली नाही, कोणाला समजावले नाही, तिच्यात निबंध लिहायचा. ट्रेंट बॅट्सन हे तेथील इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी १९८५ मध्ये वर्गातील संगणक एकमेकांना जोडले आणि तासभर सगळ्यांनी इंग्रजीत टंकूनच बोलायचे असे ठरवले. लिहिलेली ओळ सर्वांच्या पडद्यावर उमटे, शिक्षकांचीही त्यांतच. वाक्य कळले नाही तर समोरचा विचारी, आणि लिहिणारा ते पुन्हा, अधिक नीट लिही. चूक दाखवून देणारा परीक्षक नव्हे, तर न समजलेला सोबती, असा वाचक त्यांना मिळाला. लेखनाच्या अध्यापनात याहून मोलाचा बदल आम्हांला तरी आठवत नाही.

ही रीत ऐकू येणाऱ्यांच्या वर्गांतही पसरली. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'इंटरचेंज' नावाची आज्ञावली तयार झाली. तेथील अध्यापक लेस्टर फेगली यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात अशा वर्गांचे वर्णन केले आहे. एरवी गप्प बसणारे लिहू लागले; विद्यार्थी शिक्षकांऐवजी एकमेकांना उत्तरे देऊ लागले; शिक्षकांचे मत इतर ओळींत वाहून जाऊ लागले. मात्र टोपणनावाने लिहू दिले तेव्हा शेरेबाजी आणि द्वेषही उफाळला. फेगलींनी तो भाग लपवला नाही, म्हणून त्यांच्या उरलेल्या उत्साहावर विश्वास बसतो.

मराठीपुरते पाहिले तर विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या १८४८ च्या सभेतून मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली. तेथे निबंध वाचले जात, आणि १८५० पासून तिचे मासिकही निघू लागले. फरक एवढाच, की तेथे निबंध उरला, त्यावरचे बोलणे फारसे उरले नाही.

नंतरचा इतिहास वेगाने सांगता येतो. मार्टिन डुगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले; तेथे शाळा रेडिओवरून भरे. त्यांनी २००२ मध्ये 'मूडल' प्रसिद्ध केले आणि चर्चाफलक जगभरच्या महाविद्यालयांत पोहोचला. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत असे फलक एकदम सक्तीचे झाले. मूडलमध्ये फलकाचा एक प्रकार असा आहे, की स्वतःचे उत्तर लिहिल्याखेरीज इतरांचे वाचता येत नाही. शिवाय लिहिलेले दुरुस्त करायला साधारणतः अर्धा तास मिळतो. पुढे ते कायम. पहिला नियम नक्कल टाळतो, पण ऐकून मग बोलण्याची वाटही बंद करतो. वर्गात शेजाऱ्याचे ऐकून सुचलेले वाक्य हे पुष्कळदा चर्चेतले सर्वांत चांगले वाक्य असते, हे शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

खरे नुकसान गुणांनी केले. आठवड्याला एक टिपण आणि सहाध्यायांना दोन प्रतिसाद, हा अनेक अभ्यासक्रमांचा ठरलेला हिशेब. मग 'तुमच्या मताशी मी सहमत आहे' असे सुरू होणारे, कोणालाही उद्देशून नसलेले परिच्छेद फलकावर साचू लागतात. ते वाचणारा एकच, गुण देणारा. निबंधाची वही वेगळ्या वेषात परत आली, एवढेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून असे परिच्छेद यंत्रच लिहून देते, आणि त्यात विद्यार्थ्यांना फारसे काही गमावल्यासारखे वाटत नसेल तर आम्हांला नवल वाटत नाही. गॅलॉडेटच्या वर्गात कोणी आपल्या ओळी यंत्राकडून लिहून घेतल्या असत्या, तर पलीकडच्या बाकावरून लगेच प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागले असते.